वर्गातली झेरॉक्स आणि वर्गाबाहेरची पीडीएफ: शिक्षकांसाठी कॉपीराइट

शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिकांचा संच दुकानात मिळतो. वर्गात चाळीस मुलं. शाळेनं एक संच विकत घ्यायचा आणि त्याच्या चाळीस झेरॉक्स काढायच्या, ही पद्धत आपल्याकडच्या अनेक शाळांना नवी नाही. हे कायद्यात बसतं का, असं कुणी विचारलं की स्टाफरूममध्ये दोन उत्तरं मिळतात. एक, "शिक्षणासाठी सगळं माफ असतं." दुसरं, "एक पान जरी काढलं तरी केस होते." दोन्ही चूक.

आपला कॉपीराइट कायदा (सरकारी मराठीत प्रताधिकार) शिक्षकाला वर्गात बरीच मोकळीक देतो. मात्र ती मोकळीक वर्गाला, शिकवण्याला आणि परीक्षेला बांधलेली आहे. तेच पान वर्गातून उठून जिल्हाभरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, यूट्यूबवर किंवा विक्रीच्या पुस्तिकेत गेलं की मोकळीक मागे राहते. सगळी गडबड होते ती या उंबरठ्यावर.

'फेअर यूज' आपला नव्हे

इंटरनेटवर शिक्षकांसाठी जे सल्ले फिरतात, त्यातले बरेचसे अमेरिकेचे आहेत. 'फेअर यूज' (परवानगीशिवाय केलेला वाजवी वापर) हे तिथल्या कायद्याचं तत्त्व. "पुस्तकाचा १० टक्के भाग किंवा १,००० शब्द चालतात" हे आकडेही तिथलेच, १९७६ सालच्या शाळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमधले. "गाण्याचे ३० सेकंद फुकट" हा नियम तर कुठल्याच कायद्यात नाही.

आपल्याकडे लागू आहे तो कॉपीराइट कायदा, १९५७. त्यात शेवटचा मोठा बदल २०१२ साली झाला. त्याच्या कलम ५२ मध्ये कोणत्या गोष्टी उल्लंघन ठरत नाहीत याची यादी आहे. शिक्षकांना त्यातली तीन उपकलमं पुरतात.

उपकलम 'आय': शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली कोणत्याही साहित्यकृतीची, चित्राची वा अन्य कृतीची प्रत, परीक्षेतल्या प्रश्नाचा भाग म्हणून घेतलेला उतारा, आणि उत्तरात लिहिलेला मजकूर. इथे टक्केवारी नाही, शब्दमर्यादा नाही.

उपकलम 'जे': शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेलं नाटक, गाणं, वाचन; तसंच चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवणं-ऐकवणं. प्रेक्षक मात्र शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच.

उपकलम 'ए': खाजगी वापर, संशोधन, टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठीचं 'फेअर डीलिंग'. बी.एड.चा प्रकल्प किंवा पुस्तक-परीक्षण लिहिताना याचा आधार घ्यायचा.

आधी बघा, कॉपीराइट शिल्लक आहे का

हे एका मिनिटाचं काम आहे आणि पुष्कळदा त्यावरच प्रश्न मिटतो. भारतात लेखक, कवी, संगीतकार, चित्रकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणून सोपा हिशेब: मृत्यूच्या सालात ६१ मिळवा. येईल त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून साहित्य सगळ्यांचं.

साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर १९५४ साली गेले. त्यांची चित्रं २०१५ पासून मुक्त. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांच्यासाठी २०३७ ची वाट बघायला हवी. कुसुमाग्रजांसाठी २०६०. आणि जगदीश खेबूडकर, जे स्वतः शिक्षक होते आणि ज्यांच्या गाण्यावाचून आपल्याकडची गॅदरिंग सुनी वाटतात, ते २०११ साली गेले. त्यांचे शब्द २०७२ ला मोकळे होतील. दोघांनी मिळून लिहिलेलं असेल तर जो शेवटी गेला त्याचं साल धरायचं.

चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा हिशेब प्रकाशनापासून, ६० वर्षंच. १९६४ साली बाजारात आलेल्या तबकडीचं मुद्रण २०२५ पासून मुक्त. इथे चूक अशी होते की तबकडी जुनी म्हणून गाणंही मुक्त समजलं जातं. गाण्यात तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि मुद्रणाचा. तिन्ही वेगवेगळ्या साली संपतात.

दुसरी चूक संतसाहित्यात होते. ज्ञानेश्वरी आणि गाथा यांच्या मूळ ओव्या-अभंगांवर कुणाचाच हक्क नाही. पण शाळेच्या कपाटातल्या प्रतीत अर्थ, टीपा, प्रस्तावना असतात, आणि त्या लिहिणारे संपादक कदाचित आजही हयात असतील. मूळ अभंग खुशाल टाइप करून वापरा. अर्थाच्या परिच्छेदाची झेरॉक्स काढताना तो चालू कॉपीराइटचा मजकूर समजा. अनुवादाचंही तसंच: मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वीचा, पण मराठी अनुवाद कालचा.

लेखकाचं मृत्यूसाल सापडत नसेल तर जुन्या ग्रंथालयात विचारा. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. अशा ठिकाणी ग्रंथपालाकडून बरीच माहिती हाती लागते. तिथेही काही लागलं नाही तर कॉपीराइट चालू आहे असंच धरून चाला.

झेरॉक्स: किती आणि कशी

या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत असावा. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी हे दुकान अभ्यासक्रमाप्रमाणे वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून संच विकायचं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये एकसदस्यीय पीठानं तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानं तत्त्व पक्कं केलं: 'शिकवण्याच्या ओघात' म्हणजे फक्त तास चालू असतानाची मिनिटं नव्हेत, तासाआधी आणि तासानंतर वाचायला दिलेला मजकूरही त्यात येतो, आणि किती पानं, याचं माप टक्क्यात नसून शिकवण्याच्या गरजेत आहे. तेवढी पानं खरोखर लागत होती का, हे तपासायला प्रकरण खाली परत पाठवलं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

निकाल शिक्षकांच्या बाजूचा आहे, यात शंका नाही. पण त्यातला 'गरज' हा शब्द सोडून उरलेलं वाक्य वापरू नका. व्यवहारात असं करा:

१. आधी धड्याचं नाव आणि उद्दिष्ट टाचणात लिहा, मग त्याला लागणारी पानं निवडा. उलटं करू नका. कुणी विचारलं तर टाचणवहीच तुमचा पुरावा.

२. लागणारं प्रकरण, कविता, आकृती, उतारा एवढंच काढा. दुकानात मिळणारं आख्खं पुस्तक स्पायरल करून देणं या कलमात बसवणं फार कठीण आहे.

३. प्रती पटावरच्या मुलांइतक्या, वर दोन-तीन. शंभर जास्त काढून 'पुढच्या वर्षी होतील' म्हणून ठेवू नका. पुढच्या वर्षीची गरज पुढच्या वर्षी.

४. पहिल्या पानाच्या वर लेखक, पुस्तक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठं लिहा. पांढरी पट्टी चिकटवून नाव झाकणं आणि वर शाळेचा शिक्का मारणं ही अगदी नेहमी दिसणारी, आणि सगळ्यात वाईट सवय. लेखकाचा आपल्या नावावरचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा दिला आहे.

५. मुलांकडून घ्यायचे तर झेरॉक्सचा खर्च तेवढाच घ्या. वर एक रुपयाही ठेवू नका.

आता तो शिष्यवृत्तीचा संच. त्यातला बुद्धिमत्ता चाचणीचा एक नमुना, भाषेचे दोन उतारे, गणिताचं एक पान वर्गात सोडवून घ्यायला काढलं, तर ते शिकवण्याच्या ओघात झालं. पण तो संच केवळ वर्गांनी वापरण्यासाठीच छापलेला असतो. चाळीस मुलांच्या हातात चाळीस आख्ख्या झेरॉक्स गेल्या की प्रकाशकाचं गिऱ्हाईकच आपण संपवलं. शिकवण्याची गरज विकत घेऊनही भागत होती, हा युक्तिवाद समोरून आला तर आपल्याकडे उत्तर नसतं. म्हणून संच लागतच असेल तर प्रकाशकाला थेट फोन लावून शाळेसाठी एकगठ्ठा सवलत मागा. आणि शाळेकडे खरंच पैसे नसतील, तर दहा संच घेऊन चार-चार मुलांच्या गटात फिरवा. उत्तरं वहीत लिहायची, संचात नाही.

परीक्षा परिषदेच्या जुन्या प्रश्नपत्रिका वर्गात सोडवायला बिनधास्त घ्या. त्या एकत्र छापून विकणं वेगळं. प्रश्नपत्रिकेवरही कॉपीराइट असतो, हे अलाहाबाद उच्च न्यायालयानं १९६० च्या दशकातच सांगितलं आहे. खाजगी क्लास चालवून नोट्स विकणाऱ्यांनी दिल्लीच्या निकालावर विसंबू नये. तो खटला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा होता.

परीक्षेची प्रश्नपत्रिका

इथे कायदा सगळ्यात मोकळा आहे. घटक चाचणी, सहामाही, सराव परीक्षा: कोणत्याही लेखकाचा अपठित उतारा, कविता, व्यंगचित्र घ्या. उताऱ्याखाली लेखकाचं नाव द्या, शब्द बदललेत तर 'संक्षिप्त' असं लिहा. परीक्षा संपल्यावर तीच प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर कायमची टाकायची असेल तर उतारा काढून टाका.

पीडीएफ, ग्रुप आणि फॉरवर्ड

कलम ५२ च्या 'आय' मध्ये शब्द आहे तो प्रत काढण्याचा. लोकांपर्यंत पोचवणं हा कायद्यात स्वतंत्र हक्क आहे आणि त्याचं नाव त्या उपकलमात नाही. म्हणून कागद आणि फाइल यांत फरक करा.

सातवी 'ब'च्या ग्रुपवर उद्याच्या धड्याची सहा पानं टाकली, तर ती वर्गाचीच वाढ आहे असं म्हणता येतं. पण त्याच ग्रुपवर आख्ख्या पुस्तकाची स्कॅन केलेली फाइल आली, ती एका पालकानं भावकीच्या ग्रुपवर टाकली, तिथून ती चंदगडपासून शिरोळपर्यंत फिरली, तर सुरुवात शिक्षकाच्या नंबरवरून झालेली असते. फॉरवर्ड झालेल्या फाइलबरोबर तो नंबर जात नाही, पण मूळ ग्रुपच्या स्क्रीनशॉटमध्ये तो दिसतो.

पाच गोष्टी करा. ग्रुप एका तुकडीचाच ठेवा. आख्खं पुस्तक कधीच टाकू नका. पानाच्या तळाशी 'फक्त इयत्ता ७ वी ब च्या अध्यापनासाठी' असं लिहा. ड्राइव्हवर ठेवत असाल तर 'लिंक असणारा कुणीही' हा पर्याय बंद करून मुलांच्या किंवा पालकांच्या ईमेललाच परवानगी द्या आणि डाउनलोड बंद करा. घटक संपला की फाइल काढा.

शक्य तिथे फाइलऐवजी लिंक द्या. यूट्यूबवरचा व्हिडिओ त्याच्या मूळ जागीच उघडून दाखवावा. वेगळ्या ॲपनं उतरवून पेनड्राइव्हवर घेणं यूट्यूबच्या अटींविरुद्ध आहे. ओटीटीचं वर्गणीखातं बहुतेक वेळा घरगुती वापरापुरतं असतं, तेव्हा कायद्यात चित्रपट दाखवता येत असला तरी खात्याच्या अटी वाचूनच दाखवा. आणि कुलूप तोडलेली फाइल अजिबात नको: संरक्षण तोडण्यासाठी कलम ६५ए मध्ये दोन वर्षांपर्यंत कैदेची वेगळी शिक्षा आहे.

बालभारतीच्या पुस्तकांबद्दल गैरसमज जास्त आहे. पीडीएफ फुकट उतरवता येते, म्हणून पुस्तक मुक्त, असं धरलं जातं. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरची बारीक अक्षरं वाचा: हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे राखीव आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय भाग उद्धृत करता येत नाही. वर्गात पडद्यावर दाखवणं, स्वाध्यायाचं पान काढून देणं हे शिकवणंच आहे. पण धड्यातली चित्रं उचलून स्वतःची 'मार्गदर्शिका' छापली किंवा धड्याचं पूर्ण वाचन चॅनेलवर टाकून जाहिरातीचे पैसे घेतले, की मंडळाची परवानगी लागते.

चित्रं आणि फोटो

भिंतीवरच्या तक्त्यासाठी, वर्गातल्या पीपीटीसाठी प्रश्न फारसा येत नाही. शाळेच्या पानावर, स्मरणिकेत, बॅनरवर तेच चित्र गेलं की येतो. गुगलमध्ये चित्र शोधल्यावर 'टूल्स', मग 'यूसेज राइट्स', मग 'क्रिएटिव्ह कॉमन्स' (कर्त्यानं काही अटींवर सगळ्यांना आधीच दिलेला खुला परवाना) निवडा, आणि तरीही मूळ पान उघडून परवाना डोळ्यांनी बघा. 'बीवाय' म्हणजे नाव द्या. 'एसए' म्हणजे तुमचं कामही त्याच परवान्यावर खुलं करा. 'एनसी' म्हणजे पैसे मिळवू नका. 'एनडी' म्हणजे बदल करू नका. चित्राखाली चार गोष्टी हव्यात: शीर्षक, कर्ता, कुठून घेतलं, परवाना. नुसतं 'सौजन्य: गुगल' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

सगळ्यात सरळ वाट म्हणजे स्वतः फोटो काढणं. २६ जूनच्या शाहू जयंतीसाठी दरवर्षी कुणाचा तरी फोटो उचलला जातो. कोल्हापुरातल्या दसरा चौकातला शाहू महाराजांचा पुतळा सार्वजनिक जागेत कायमचा उभा आहे. अशा पुतळ्याचा फोटो काढायला, चित्र काढायला कायद्यानं पूर्ण मुभा दिली आहे. मुलांना घेऊन जा, सकाळच्या उन्हात फोटो काढा, खाली काढणाऱ्या मुलाचं नाव लिहा. दुसऱ्यानं काढलेल्या पुतळ्याच्या फोटोवर मात्र त्या छायाचित्रकाराचाच हक्क.

गॅदरिंग

स्नेहसंमेलन शाळेच्या पटांगणात असो की कोल्हापुरातल्या शाहू स्मारकच्या सभागृहात. मुलंच नाचणार, पालकच बघणार, तिकीट नाही, तर 'जे' उपकलमाचं छत्र डोक्यावर आहे. छत्र जातं ते तीन ठिकाणी.

तिकीट लावून किंवा गावाला खुलं आमंत्रण देऊन कार्यक्रम केला, तर शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या वतीनं परवाने देणाऱ्या, १९६९ पासूनच्या संस्थेकडून परवाना घ्या. तबकडी वाजणार असेल तर मुद्रणाच्या मालकाकडून वेगळा. पेटी-तबल्यावर मुलांनी गाणं गायलं तर मुद्रणाचा प्रश्न येत नाही. कराओके ट्रॅक हेही मुद्रणच असतं, हे बरेचजण विसरतात.

शाळेबाहेरच्या स्पर्धेत एकांकिका नेणार असाल तर नाटककाराची लेखी परवानगी आणि ठरलेलं मानधन आधी. प्रयोगाच्या आदल्या रात्री फोन करणं हा लेखकाचा अपमान आहे. संवाद कापायचे किंवा शेवट बदलायचा असेल तर तेही परवानगीत लिहून घ्या.

आणि तिसरं, यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण. प्रेक्षक मर्यादित राहिलेच नाहीत. पाठीमागे चित्रपटाचं गाणं वाजलं की कंटेंट आयडी ही यूट्यूबची आपोआप चालणारी यंत्रणा ते ओळखते. आवाज बंद होतो, व्हिडिओ अडतो किंवा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात. हा 'क्लेम'. 'स्ट्राइक' त्याहून गंभीर: ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल जातं, आणि त्याबरोबर शाळेचे सगळे जुने व्हिडिओही. उपाय सोपा आहे. थेट प्रक्षेपण भाषणं आणि बक्षीस समारंभापुरतं ठेवा. शूटिंगवाल्याशी ठरवतानाच लिहून घ्या की तो व्हिडिओ स्वतःच्या चॅनेलवर टाकणार नाही आणि एडिटिंगमध्ये चित्रपटाची गाणी घालणार नाही.

अंध किंवा वाचायला अडचण असलेलं मूल

हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून ठळकपणे सांगतो. दिव्यांग विद्यार्थ्यासाठी त्याला वापरता येईल अशा रूपात, म्हणजे ब्रेल, मोठा टाइप, ध्वनिफीत, पडदा-वाचकाला (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) चालणारी फाइल, आख्खं पुस्तकही करता येतं. कलम ५२(१)(झेडबी) २०१२ साली त्यासाठीच आलं. अट एवढीच: नफा नको आणि ती प्रत त्या मुलांकडेच जाईल याची काळजी घ्या. वर्गातल्या चार चांगल्या वाचकांकडून पुस्तक रेकॉर्ड करून घ्यायला कुणाचीही परवानगी लागत नाही. सुरू करण्याआधी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आधीच आहे का, एवढं बघून घ्या.

परवानगी मागायची झाली तर

पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर © पुढे कुणाचं नाव आहे ते बघा. लेखकाचं किंवा वारसाचं असेल तर प्रकाशकामार्फत त्यांना लिहा. फोनवरचं "हो, वापरा की" पुरत नाही. परवानगी लेखी हवी, ईमेल चालतो. पत्र असं:

"आमच्या शाळेच्या इयत्ता सातवीच्या तीन तुकड्यांसाठी (११८ विद्यार्थी) आपल्या अमुक पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीतील पृष्ठ ४१ ते ५२ यांच्या छापील प्रती काढण्याची आणि त्यांची पीडीएफ ३० एप्रिलपर्यंत शाळेच्या पासवर्ड असलेल्या पानावर ठेवण्याची परवानगी मिळावी. प्रती विनामूल्य दिल्या जातील. लेखक, पुस्तक व प्रकाशक यांचा उल्लेख प्रत्येक प्रतीवर असेल. शुल्क असल्यास कळवावे."

पानं, प्रती, माध्यम, मुदत: यातलं एक जरी राहिलं तरी पुढे वाद होतो. तीन आठवडे आधी पाठवा. उत्तर आलं नाही याचा अर्थ होकार नव्हे. दुसरा उतारा शोधा.

कानाडोळा केला तर काय, हेही कळलेलं बरं. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. शाळांच्या बाबतीत बहुधा आधी येते ती नोटीस. ती आली तर मजकूर लगेच खाली घ्या, काय, कुणी, किती प्रती हे लिहून ठेवा, आणि संस्थेच्या वकिलाला दाखवल्याशिवाय माफीनामा लिहू नका.

तुमच्या आणि मुलांच्या कामावर हक्क कुणाचा

नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कार्यपत्रिकेवर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क नोकरी देणाऱ्या संस्थेचा. शासकीय शाळेत शासनाचा. सुट्टीत घरी लिहिलेला बालकथासंग्रह तुमचा. मधली जागा धूसर असते: शाळेच्या सूचनेवरून, शाळेच्या फळ्यासमोर, पण रविवारी केलेले व्हिडिओ. चॅनेल सुरू करण्याआधी मुख्याध्यापकांकडून दोन ओळींचं पत्र घेऊन ठेवा. हक्क मिळवण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं त्या क्षणी तो तयार होतो. पुरावा हवा असेल तर साहित्यकृतीची नोंदणी ५०० रुपयांत होते.

मुलानं लिहिलेल्या निबंधावर, कवितेवर, काढलेल्या चित्रावर हक्क त्या मुलाचा आहे. हस्तलिखितात ते ठेवायला हरकत नाही. पण छापील स्मरणिकेत, दिनदर्शिकेवर किंवा प्रायोजकाच्या जाहिरातीत घ्यायचं असेल तर पालकांची सही घ्या, आणि चित्राच्या कोपऱ्यात मुलीनं पेन्सिलीनं लिहिलेलं नाव डिझायनरला कापू देऊ नका.